घरचा कॉम्प्युटर पुन्हा लॉक झालाय: कुलूप कुठलं आणि किल्ली कोणाकडे

घरातला कॉम्प्युटर चार जण वापरतात. पासवर्ड कालपर्यंत चालत होता, आज चालत नाही, आणि तो बदलल्याचं कोणीच कबूल करत नाही. हे अधूनमधून होतच राहत असेल तर कोणाच्या विसराळूपणाला बोल लावून उपयोग नाही. परत परत बसणाऱ्या लॉकमागे बहुतेक वेळा ठरावीक कारण असतं: की-बोर्डची बदललेली भाषा, मागे पडलेलं घड्याळ, फोनवर बदललेला पण कॉम्प्युटरपर्यंत न पोहोचलेला पासवर्ड, नाहीतर मुलांसाठी लावून ठेवलेली वेळेची मर्यादा. ते कारण न शोधता पासवर्ड बदलत बसलात तर नवा पासवर्डही काही दिवसांनी असाच अडतो.

सगळ्यात आधी हात थांबवा. चुकीच्या प्रयत्नांची मोजणी होत असते. २०२२ च्या अखेरीनंतर नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये लोकल, म्हणजे फक्त त्या कॉम्प्युटरपुरत्या बनवलेल्या खात्याचा पासवर्ड १० वेळा चुकला की ते खातं १० मिनिटं बंद होतं. त्या १० मिनिटांत बरोबर पासवर्डही स्वीकारला जात नाही. म्हणून ‘रेफरन्स्ड अकाउंट इज करंटली लॉक्ड आउट’ असा संदेश आला तर पासवर्ड चुकीचाच आहे असं समजू नका. घड्याळ लावून १० मिनिटं थांबा आणि एकदाच, सावकाश टाइप करा.

पिनची मोजणी वेगळी. ती मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये होते. टीपीएम २.० असेल तर विंडोज ती ३२ चुकांवर कुलूपबंद होईल अशी लावतं, आणि प्रत्येक १० मिनिटांनी एक चूक माफ होते. ही १० मिनिटं कॉम्प्युटर चालू असतानाची. रात्रभर बंद ठेवून सकाळी पाहिलं तर मोजणी होती तिथेच असते. पूर्ण ३२ चुका पुसल्या जायला ५ तास २० मिनिटं लागतात, तेवढा वेळ कॉम्प्युटर चालू राहिला पाहिजे आणि कोणी पिनला हात लावता कामा नये.

पडद्यावर नेमकं काय दिसतंय

‘लॉक झालाय’ हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या कुलपांसाठी वापरतो, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे उपाय शोधण्याआधी पडदा नीट वाचा, जमल्यास फोनने फोटो काढून ठेवा.

विंडोजचं चिन्ह दिसण्याआधीच पासवर्डचा चौकोन येत असेल तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा पासवर्ड आहे, विंडोजशी त्याचा संबंध नाही. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ लिहून ४८ अंकी की मागितली जात असेल तर ते डिस्कचं कुलूप. नाव आणि चित्र दिसतंय, खाली चौकोन आहे, तर ते खात्याचं कुलूप. आणि त्यातही पिन मागतोय की पासवर्ड हे चौकोनातच लिहिलेलं असतं. घाईत हेच वाचायचं राहून जातं, आणि पिनच्या चौकोनात पासवर्ड घालणं चालू राहतं. ‘टाइम इज अप’ किंवा ‘टाइम रिस्ट्रिक्शन्स’ असे शब्द दिसले तर पासवर्ड बरोबर आहे, फक्त वेळ संपली आहे.

पासवर्ड बरोबर आहे, तरी चालत नाही

परत परत येणाऱ्या तक्रारींमध्ये इथेच सर्वाधिक वेळ द्यावा असं आमचं मत आहे, कारण इथे काहीही पुसावं लागत नाही.

साइन-इनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची छोटी खूण असते. ज्या कॉम्प्युटरवर मराठी की-बोर्ड घातलेला आहे तिथे ती खूण इंग्रजीवरून मराठीवर गेलेली असू शकते. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते, आणि लहान मुलाच्या हातून हे सहज होतं. मग पासवर्डच्या चौकोनात ठिपकेच दिसत असल्यामुळे आपण काय टाइप करतोय ते कळत नाही. इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’ची कळ दाबली की ‘क’ उमटतो, ‘जे’ दाबला की ‘र’, ‘एच’ दाबला की ‘प’. ठिपक्यांची संख्या बरोबर, बोटं बरोबर, आणि तरी पासवर्ड चूक. चौकोनाच्या उजव्या टोकाला डोळ्याची खूण असते. ती दाबून धरली की टाइप केलेलं दिसतं. तिथे देवनागरी अक्षरं दिसली की दुखणं सापडलं.

इंग्रजीतही दोन मांडण्या गोंधळ घालतात. अमेरिकी मांडणीत शिफ्ट आणि २ दाबल्यावर ‘अॅट’ची खूण येते, ब्रिटिश मांडणीत तिथेच दुहेरी अवतरणचिन्ह येतं. पासवर्डमध्ये ‘अॅट’ असेल आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर दुसरी मांडणी वर आली असेल, तर रोजचा पासवर्ड चुकीचा ठरतो.

हे कायमचं थांबवायचं असेल तर एकदा आत गेल्यावर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन उघडा. तुम्ही वापरता ती इंग्रजी मांडणी सगळ्यात वर ठेवा, न लागणाऱ्या मांडण्या काढून टाका. मग तिथूनच अॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज उघडून ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबा आणि ‘वेलकम स्क्रीन अँड सिस्टिम अकाउंट्स’समोर खूण करा. नुसती स्वतःच्या खात्यातली भाषा बदलली तर साइन-इनचा पडदा जुनीच मांडणी धरून बसतो, आणि लॉक परत येतो.

कॅप्स लॉक तर सगळेच पाहतात. नम लॉक मात्र सुटतं. वेगळा अंकफलक नसलेल्या काही लॅपटॉपवर नम लॉक चालू झालं की जे, के, एल या कळा १, २, ३ देतात; यू, आय, ओ या ४, ५, ६ देतात आणि एम शून्य देते. पासवर्डात यांपैकी एखादं अक्षर असेल तर तो लागणारच नाही. उलट, अंकफलक असलेल्या की-बोर्डवर नम लॉक बंद असेल तर पिनचे अंक उमटतच नाहीत.

एखादी कळ मेली असेल, किंवा शिफ्ट दबलेलीच राहिली असेल, तर कोपऱ्यातली माणसाच्या आकृतीची, म्हणजे अॅक्सेसिबिलिटीची खूण दाबा आणि पडद्यावरचा की-बोर्ड उघडून माऊसने पासवर्ड घाला. तसा लागला तर पासवर्डात काही खोट नाही, की-बोर्ड बदला. वायरलेस की-बोर्डचा सेल उतरला की अधली-मधली अक्षरं गळतात, म्हणून तपासणीपुरता तरी वायरचा की-बोर्ड लावावा.

पिन

पिन फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरता असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला म्हणून पिन बदलत नाही, आणि पिन बदलला म्हणून पासवर्ड बदलत नाही. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर एकाचा पिन दुसऱ्यावर चालत नाही, जरी खातं एकच असलं तरी.

पिन काही वेळा चुकला की विंडोज ‘ए१बी२सी३’ असं टाइप करायला सांगतं. हा नवा पिन नाही. की-बोर्ड ठीक चालतोय ना, आणि कळा खरोखर माणूसच दाबतोय ना, एवढंच त्यातून तपासलं जातं. तीन इंग्रजी मोठी अक्षरं आणि तीन अंक, दाखवलेत तसेच घाला, मग परत पिनचा चौकोन येतो. त्यानंतरही चुकत राहिलं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला सांगितलं जातं. की-बोर्डवर वही ठेवली गेली किंवा लहान मूल कळांशी खेळलं तरी ही सगळी साखळी सुरू होते. सकाळी उठल्यावर पिन बंद दिसला तर आधी हेच आठवून पाहा.

पिन विसरलाच असेल तर चौकोनाखाली ‘आय फरगॉट माय पिन’ दाबा. त्यासाठी इंटरनेट लागतं, आणि पुढे मायक्रोसॉफ्ट खात्याची ओळख पटवावी लागते. इंटरनेट जोडलेलं नसेल तर त्याच पडद्यावरच्या नेटवर्कच्या खुणेतून वाय-फाय जोडता येतं. ज्या वाय-फायसाठी ब्राउझरमध्ये पान उघडून लॉगिन करावं लागतं ते इथे कामाचं नाही. फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट दिलं की काम होतं.

‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये पूर्वी किल्लीची खूण दिसायची, आता पासवर्डचा पर्यायच दिसत नाही, हीसुद्धा नेहमीची अडचण. विंडोजमध्ये एक स्विच आहे, जो चालू असला की मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी फक्त विंडोज हॅलो, म्हणजे पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा एवढंच चालतं. आत गेल्यावर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये शेवटी ‘अॅडिशनल सेटिंग्ज’खाली तो सापडेल. अनेक जण मिळून वापरतात त्या कॉम्प्युटरवर हा स्विच बंद ठेवावा, असं आम्ही सांगतो. पिन अडकला तर पासवर्डचा दुसरा दरवाजा उघडा राहतो.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड

हा पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये बदलण्याची गरज नसते. फोनवरून अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम या पत्त्यावर पासवर्ड रीसेटचं पान उघडा, ईमेल घाला, नोंदवलेल्या फोनवर किंवा दुसऱ्या ईमेलवर येणारा कोड घाला, नवा पासवर्ड ठेवा.

यानंतरची पायरी चुकते, आणि लॉक परत बसतो. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नसेल तर त्याला नवा पासवर्ड माहीतच नसतो. त्याच्या लेखी जुनाच पासवर्ड खरा. म्हणून नवा पासवर्ड घालण्याआधी कॉम्प्युटर इंटरनेटला जोडा. आणि हेच उलटं लक्षात ठेवा: घरात कोणी फोनवर पासवर्ड बदलला आणि कॉम्प्युटर तेव्हापासून ऑफलाइन असेल, तर जुना पासवर्ड अजून चालेल.

कोड ज्या नंबरवर जातो तो बंद झालेला असेल तर वाट लांबते. ओळखीची सगळी माहिती बदलायची विनंती करता येते, पण त्यावर मायक्रोसॉफ्ट ३० दिवसांची प्रतीक्षा लावतं. याला पर्याय म्हणजे खातं परत मिळवण्याचा अर्ज. तो दिवसातून दोनदा भरता येतो. मात्र खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर हा अर्ज चालत नाही. भरताना पूर्वी वापरलेले पासवर्ड विचारले जातात, आउटलुकचा पत्ता असेल तर अलीकडे पाठवलेल्या ईमेलचे विषय आणि ज्यांना ते पाठवले त्यांचे पत्ते विचारले जातात. ईमेलचे विषय आठवणीतून लिहू नका. ज्यांना ते पाठवले त्यांनाच त्यांच्या इनबॉक्समध्ये बघून अक्षरशः तसेच कळवायला सांगा. अर्ज ज्या घरातून आणि ज्या उपकरणावरून ते खातं पूर्वी वापरलं गेलं आहे तिथूनच भरावा. अनोळखी ठिकाणाहून भरला तर ओळख पटणं अवघड जातं.

लोकल खातं

नावाखाली ईमेल नसेल, कोणी इंटरनेटशी न जोडता बनवलेलं खातं असेल, तर ते लोकल. पासवर्ड एकदा चुकीचा घाला. खाली ‘रीसेट पासवर्ड’ असं आलं तर तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातील. उत्तरं जशी लिहिली होती तशीच लागतात, त्यामुळे गावाच्या किंवा शाळेच्या नावाची इंग्रजी स्पेलिंग एकापेक्षा जास्त प्रकारे घालून पाहा.

पूर्वी कोणी ‘पासवर्ड रीसेट डिस्क’ बनवून ठेवली असेल तर नशीबच. हा पेन ड्राइव्ह एकदा बनवला की पासवर्ड नंतर कितीही वेळा बदलला तरी चालतो. त्याच्यात एकच छोटी फाइल असते आणि ती त्या एका खात्यापुरती असते.

दोन्ही नसेल, पण त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या कोणाचं अॅडमिनिस्ट्रेटर खातं असेल, तर त्या खात्यातून आत जा. कंट्रोल पॅनेल, यूजर अकाउंट्स, ‘मॅनेज अनदर अकाउंट’, अडकलेलं खातं, ‘चेंज द पासवर्ड’. दोन मिनिटांचं काम. मात्र विंडोज तिथे जो इशारा देतं तो वाचा. पासवर्ड असा बाहेरून बदलला की त्या माणसाने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजने एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या फाइली उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डातूनच तयार झालेली असते. फोटो आणि साध्या फाइलींना काही होत नाही. आणि जुना पासवर्ड पुढे कधी आठवला, तर तोच परत ठेवल्यावर ते बंद झालेलंही उघडू शकतं. म्हणून ‘आता गेलंच सगळं’ म्हणून त्या खात्याची साफसफाई लगेच करू नका. दुसरा माणूस मायक्रोसॉफ्ट खातं वापरत असेल तर त्याचा पासवर्ड इथून बदलता येत नाही, त्याला वरचाच मार्ग.

लोकल खातं दर सहा आठवड्यांनी नवा पासवर्ड मागत असेल, तर त्यालाही कारण आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत कमांड देऊन बनवलेल्या खात्यांना पासवर्डची मुदत लागू होते, आणि विंडोजची मूळ मुदत ४२ दिवसांची आहे. मुदत संपली की घाईत कोणीतरी नवा पासवर्ड ठेवतो, बाकीच्यांना सांगायचं राहतं, आणि सगळे बाहेर. विंडोज प्रो असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये लोकल यूजर्स अँड ग्रुप्स उघडून त्या खात्यावर ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ची खूण करा.

यूटिलिटीची फाइल बदलून कमांडची खिडकी उघडायच्या युक्त्या आणि पासवर्ड पुसणारे पेन ड्राइव्ह सगळीकडे सुचवले जातात. घरच्या माणसांनी त्या वाटेला जाऊ नये असं आम्ही ठामपणे सांगू. मायक्रोसॉफ्ट खात्यावर त्यांचा उपयोग नाही, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर नाही, आणि जिथे चालतात तिथेही ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड हातचे जातात.

४८ अंकांची की

बिटलॉकरचा पडदा आला की घरात धावाधाव होते, कारण ‘आम्ही असं काही लावलंच नव्हतं’. लावलेलं नसलं तरी ते चालू असू शकतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतसुद्धा.

की सापडते ती ज्या अॅडमिनिस्ट्रेटरने पहिल्यांदा कॉम्प्युटर सुरू करून दिला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. रोज वापरणाऱ्याच्या नव्हे. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा कोणी बसून सगळं जोडून दिलं, हा प्रश्न घरात विचारा: मोठी बहीण, मामेभाऊ, जो कोणी असेल तो. पडद्यावर की आयडी दिसते. तिची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या. त्या माणसाला फोनवर एकेए डॉट एमएस, तिरकी रेघ, मायरिकव्हरीकी हा पत्ता उघडून साइन-इन करायला सांगा. यादीत एकापेक्षा जास्त की दिसतील, त्यांतली आयडी जुळणारीच कामाची. २४एच२ मध्ये पडद्यावर खात्याच्या ईमेलचा अर्धवट इशाराही दिसतो.

फोनवर ४८ अंक सांगताना आणि ऐकताना चूक होतेच. इथे एक सोय आहे, जी फारशी कोणाला ठाऊक नसते. की सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. समजा गट १३५७९५ असा ऐकू आला. एकाआड एक अंक घेऊन बेरीज करा: १, ५, ९ यांची १५, ३, ७, ५ यांचीही १५. फरक शून्य, म्हणजे गट बहुधा बरोबर. मधले दोन अंक उलटे होऊन १३७५९५ लिहिलं गेलं तर बेरजा १७ आणि १३, फरक ४, म्हणजे चूक इथेच आहे. फरक शून्य, ११ किंवा २२ आला पाहिजे. शिवाय कुठल्याही गटाची सुरुवात ८ किंवा ९ ने होत नाही, कारण गट ७२०८८५ च्या वर जाऊच शकत नाही. असा अंक सुरुवातीला दिसला की परत विचारा.

हा पडदा वारंवार येत असेल तर काहीतरी त्याला चिथावतंय. बायोसचं अपडेट, सिक्युअर बूटमधला बदल, टीपीएम पुसणं, बूटचा क्रम बदलणं ही नेहमीची कारणं. आत गेल्यावर, बायोसला हात लावण्याआधी, विंडोज प्रो असेल तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकरचं संरक्षण तात्पुरतं थांबवा आणि काम झाल्यावर परत चालू करा.

की कुठल्याच खात्यात नाही, कागदावर नाही, पेन ड्राइव्हवर नाही, तर ती डिस्क कोणीही उघडून देऊ शकत नाही. उघडून देतो असं सांगणाऱ्या फोन नंबरवर विश्वास ठेवू नका, आणि अशा माणसाला कॉम्प्युटर दुरून हाताळू देऊ नका.

घड्याळ आणि वेळेची मर्यादा

साइन-इनच्या पडद्यावरची तारीख पाहा. ती काही वर्षं मागची असेल तर मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. वीज काढली की घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला अवैध वाटतात, म्हणून पासवर्ड बरोबर असूनही ऑनलाइन ओळख पटत नाही. रोज रात्री स्विच बंद करणाऱ्या घरात हा लॉक रोज सकाळी बसतो.

बायोसमध्ये जाऊन तारीख दुरुस्त केली की तेवढ्यापुरतं चालतं. सेल बदलणं हा खरा उपाय, पण त्यात एक खाच आहे: सेल काढल्यावर बायोसची मांडणी मूळ स्थितीला जाऊ शकते, आणि ती बदलली की बिटलॉकर की मागू शकतं. म्हणून आधी ४८ अंक हाताशी आणि मगच सेल.

मुलांचं खातं मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये असेल तर ठरलेली वेळ संपली की साइन-इन बंद होतं. पालकाने आपल्या फोनवरून वाढीव वेळ दिली की उघडतं. घड्याळ किंवा टाइम झोन चुकीचा असेल तर ही मर्यादा भलत्याच वेळी लागू होते, आणि मूल म्हणतं पासवर्ड चालत नाही.

मॅक, क्रोमबुक, लिनक्स

मॅकवर पासवर्ड काही वेळा चुकला की चौकोनाशेजारी प्रश्नचिन्ह येतं. तिथून अॅपल खात्याने किंवा फाइलव्हॉल्टच्या, म्हणजे मॅकवरच्या डिस्कच्या कुलपाच्या रिकव्हरी कीने पासवर्ड बदलता येतो. ही की २४ अक्षरांची, चार-चारच्या सहा गटांत. प्रश्नचिन्ह आलंच नाही तर रिकव्हरीत जा: अॅपलच्या स्वतःच्या चिपवर पॉवरचं बटण ‘लोडिंग स्टार्टअप ऑप्शन्स’ येईपर्यंत दाबून धरायचं, इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर. मग यूटिलिटीजमधलं टर्मिनल उघडून ‘रीसेटपासवर्ड’ हा शब्द इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, मध्ये जागा न सोडता. बदल केल्यानंतर जुनी की-चेन जुन्याच पासवर्डने बंद राहते, तिथले साठवलेले पासवर्ड लगेच दिसत नाहीत.

क्रोमबुकवर गूगलचा पासवर्ड दुसरीकडे बदलला की पुढच्या वेळी ते जुना पासवर्ड एकदा मागतं, कारण आतल्या फाइली त्यानेच बंद असतात. जुना खरंच आठवत नसेल तर पुढे जाता येतं, पण क्रोमबुकवर साठवलेल्या फाइली जातात, ड्राइव्हवरच्या राहतात.

उबुंटूत सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे सुरू होतानाचा मेन्यू आणा, जुन्या बायोसवर शिफ्ट. रिकव्हरी मोड, मग रूट. तिथे डिस्क आधी लिहिण्यायोग्य स्वरूपात परत माउंट करावी लागते. ही पायरी गाळली तर पासवर्ड बदलायची कमांड चुकीचा वाटणारा भलताच संदेश देते. डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्कच्या कुलपाने एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिच्या पासवर्डच्या वाक्याशिवाय मार्ग नाही.

बायोसचा पासवर्ड असेल तर डेस्कटॉपवर मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेला जंपर वापरून तो पुसता येतो. लॅपटॉपवर सेल काढून बहुधा काही होत नाही, कारण पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. तिथे खरेदीची पावती घेऊन कंपनीकडेच जावं लागतं.

सगळं थकल्यावर

पडद्यावरच्या पॉवरच्या खुणेतून शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो: ट्रबलशूट, ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय लॉकवर उपाय नाही. तो खातीही ठेवतो, म्हणजे कुलूपही. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ने कॉम्प्युटर वापरता येतो, पण सगळं जातं.

म्हणून ते बटण दाबण्याआधी फाइली बाहेर काढा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू घेऊन, काहीही न बसवता ‘ट्राय’ मोडमध्ये सुरू करा, विंडोजची डिस्क उघडा आणि यूजर्स फोल्डरमधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज नीट बंद न झाल्यामुळे डिस्क फक्त वाचता येईल अशी उघडली तरी चालेल, कॉपीला तेवढं पुरतं. दुसरी वाट म्हणजे डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालणं. एम.२ आकाराची असेल तर ती एनव्हीएमई आहे की साटा ते तिच्या लेबलवर वाचून तसाच केस घ्या, दोन्ही दिसायला सारखे असतात. दुसऱ्या विंडोजवर फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर ‘कंटिन्यू’ दाबून थांबा. फोटो खूप असतील तर वेळ लागतो. वनड्राइव्ह वापरात असेल तर काही फाइलींचं फक्त नाव डिस्कवर असतं, मजकूर ऑनलाइन; त्या वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरून घ्या.

आत गेल्यावर त्याच दिवशी

कॉम्प्युटरवर दुसरं अॅडमिनिस्ट्रेटर खातं बनवा, लोकल प्रकारचं, आणि त्याचा पासवर्ड घरातल्या दोन मोठ्या माणसांना ठाऊक असू द्या. रोजच्या वापरासाठी प्रत्येकाचं साधं खातं वेगळं. एकच खातं सगळ्यांनी वापरलं की कोणीतरी पासवर्ड बदलतोच.

मायक्रोसॉफ्ट खात्याच्या सुरक्षा पानावर फोन नंबर आणि दुसरा ईमेल तपासा, आणि तिथूनच २५ अक्षरांचा रिकव्हरी कोड काढा. नवा काढला की आधीचा निकामी होतो, म्हणून जुना कागद फाडून टाका. बिटलॉकरची की छापून घ्या, तिच्या शेजारी की आयडीची पहिली आठ अक्षरं आणि ती कुणाच्या खात्यात आहे त्याचं नाव लिहा. हा कागद कॉम्प्युटरच्या पिशवीत ठेवू नका, महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

मग साइन-आउट करा, नव्या अॅडमिनिस्ट्रेटर खात्याने एकदा आत जाऊन बाहेर या, आणि साइन-इनच्या पडद्यावर कोपऱ्यातली भाषा आणि तारीख दोन्ही बघून घ्या.